पुढच्या केबिनची ऊब

३ जून, सिग्नेटचा धक्का

पोचलो. सामानासकट आणि कोणाशी न भांडता पोचलो, हे विशेष. बसवाल्यानं हत्यारांची पेटी स्वतः उचलून खाली ठेवली आणि विचारलं, आजोबा, यात बायको आहे का? मी म्हटलं, बायको याहून हलकी होती. दोघं हसलो. ऊन पडलं होतं. ओहोटीच्या चिखलात काळे हंस माना खुपसून बसले होते, आणि धक्क्याच्या टोकाला 'कोरीना' उभी होती. पांढरी, जरा शेवाळलेली, पण सरळ.

ही वही ग्लेनिसनं दिली. म्हणाली, बाबा, मी लॉन्सेस्टनला बसून तुझ्या नळ्यांच्या क्लिपा घट्ट आहेत की नाही ते बघू शकत नाही. दर तासाला मला फोन करण्यापेक्षा ह्यात लिहीत जा. पोरगी बोलते अगदी आईसारखी. माझी शाळा सहावीला सुटली. मग सफरचंदाच्या खोक्यांची गिरणी, मग सॅमन माशांच्या शेतावर बोट चालवणं. लिहायची सवय नाही, पण काळजी करायची आहे, तेव्हा विषयाला तोटा पडणार नाही.

'कोरीना' रोवनची, माझ्या मुलाची. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ती दक्षिणेला रिसर्च बेमध्ये नांगरावर शांत उभी सापडली. छोटी होडी किनाऱ्यावर उलटी सापडली. रोवन सापडला नाही. कागदोपत्री बोट आता माझी आहे. आजवर मी तिच्यावर फक्त चहा प्यायला यायचो. आजपासून राहायला.

आत ह्युऑन पाइनच्या लाकडाचा वास अजून आहे, वर्षाच्या बुरशीला तो हटला नाही. बैठकीच्या बाकाखाली डिझेल हीटरचं खोकं तसंच आहे, चिकटपट्टीही न काढलेलं. झाकणावर रोवननं पेन्सिलीनं आराखडा काढलाय. हीटर मागच्या कप्प्यात, गरम हवेची एक नळी बैठकीत, दुसरी थेट पुढच्या केबिनमध्ये त्याच्या बिछान्याशी. तो म्हणायचा, बाबा, एकदा हा बसवला की सगळं गाव घरात कुडकुडत बसेल तेव्हा मी दक्षिणेला असेन, अनवाणी.

तर तो मी बसवणार. आणि ह्याच हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैत, दक्षिणेला जाणार. ग्लेनिसला ह्यातलं अर्धंच सांगितलंय.

६ जून

शेजारच्या बोटीवर डॉट राहते. नवरा शेवंडी पकडायचा. तो गेला, बोट राहिली, आणि बाई त्या बोटीवर राहिली. वर्षभर 'कोरीना'तलं पाणी तिनंच उपसलं. मी आभार मानायला गेलो तर म्हणाली, आभार नकोत, तुझ्याकडे चांगला पाना असेल तर दे.

आज बोटीच्या बाजूला भोक पाडायचं होतं, धुराच्या नळीसाठी. चांगल्या बोटीला भोक पाडणं सोपं नाही. मी आतून मोजलं, बाहेरून मोजलं, खूण पुसली, पुन्हा केली. लाट आली तर? बोट वाऱ्यानं कलली आणि भोक पाण्याखाली गेलं तर? डॉट धक्क्यावर चहाचा मग घेऊन उभी. शेवटी म्हणाली, अरे एर्न, बोट आहे ती, नवरी नाही. पाड एकदाचं! मी म्हटलं, तुझ्या बोटीला पाडतो आधी. ती म्हणाली, माझ्या बोटीला आधीच इतकी आहेत की नवं कुठलं ते तुला सापडणार नाही.

पाडलं. बरोबर जागी पडलं. हीटरपासून निघालेली धुराची नळी आधी वर चढवली आणि मग भोकाकडे खाली आणली, म्हणजे पाणी उलटं आत शिरायचं नाही. तिच्यावर जाड आवरण गुंडाळलं, कारण ती इतकी तापते की लाकूड जळेल. क्लिपा आवळल्या. परत जाऊन पुन्हा आवळल्या. डॉट म्हणाली, अजून आवळलीस तर नळी रडायला लागेल.

हात काळे, कंबर गेली, पण आज झोप लागेल. बऱ्याच दिवसांनी मला कोणाच्या तरी उपयोगी पडल्यासारखं वाटतंय.

११ जून

पेटला!

आधी पांढरा धूर, मग घरघर, मग हळूच नळीच्या तोंडातून ऊब. मी हात धरून बसलो. डॉट वाटाण्याचं सूप घेऊन आली आणि बूट काढून बसली. म्हणाली, माझ्या नवऱ्यानं तीस हिवाळे मला ह्या पाण्यावर गारठवलं, आणि तू बघ, म्हाताऱ्या, राजासारखा.

ह्या यंत्राची एक गंमत लिहून ठेवतो. डिझेलच्या टाकीपाशी छोटा पंप आहे, तो टकटक करत थेंब थेंब तेल पाठवतो. केबिनमध्ये थंडी असली की टकटक जोरात आणि भराभर. ऊब भरली की सावकाश, एखाद्या पेंगणाऱ्या माणसासारखी. थंडी ओळखणारा छोटा डोळा रोवनच्या आराखड्यात पुढच्या केबिनमध्ये, उशीजवळ दाखवलाय. मी तिथंच बसवला. त्याच्या उशीला थंडी वाजली तर हीटर धावणार. पोरगं स्वतःचा विचार बरोबर करून गेलं.

विषारी धुराची मला फार धास्ती. म्हणून दोन्हीकडे धुराचे भोंगे लावले. डॉटनं एकाला मुद्दाम मेणबत्तीचा धूर दाखवून, कळ दाबून तपासलं. तो इतका किंचाळला की माझं सूप सांडलं. हिरवे दिवे लागलेले आहेत. झोपायच्या आधी बघतो, उठल्यावर बघतो.

डॉटनं विचारलं, खरंच रिसर्च बेला जाणार? भर हिवाळ्यात? मी म्हटलं, त्याला जायचं होतं. ती बूट घालता घालता म्हणाली, संध्याकाळची हजेरी चुकवू नकोस. रोज रेडिओवर एनिड एकेका बोटीचं नाव पुकारते. कुठं आहेस, कसा आहेस आणि बोटीवर किती माणसं, एवढं सांगायचं. एक दिवस ओ दिली नाहीस तर ती बाई अख्खं सरकार हलवते.

१९ जून, डॉवर

सकाळी सिग्नेट सोडलं. डॉटनं दोर सोडून दिले आणि ओरडली, बुडलास तर पाना परत पाठव! नदीवर धुकं होतं, ते सफरचंदाच्या बागांवरून हळूहळू उतरत होतं. इंजिन नीट चाललं. मी सुकाणूवर बसून जाम लावलेला पाव खाल्ला आणि एकदाही कोणाला फोन केला नाही.

दुपारी डॉवरला नांगर टाकला. आत हीटर लावला. रोवनचा बिछाना घातला, चादर खोचली. का ते विचारू नये. मी बैठकीच्या बाकावर झोपतो. त्याच्या बिछान्यात झोपायचा विचार एकदा केला होता, जमलं नाही.

मग हजेरी. एनिडला मी कधी पाहिलेलं नाही, फक्त आवाज. एकेक बोट ओ देत होती. अमकी, साउथपोर्ट, दोन माणसं, सगळं ठीक. तमकी, ब्रूनी, चार माणसं आणि कुत्रा. मग ती म्हणाली, 'कोरीना'. आणि थांबली. रोवनची ओ तिनं किती संध्याकाळी ऐकली असेल. मग हळू म्हणाली, 'कोरीना', वर्षभरानं तुझं नाव घ्यायला बरं वाटतंय. किती माणसं?

मी बटण दाबलं. एक म्हणायचं होतं. समोर पुढच्या केबिनचा पडदा दिसत होता, त्याची बोट, त्याचा बिछाना. माझ्या तोंडातून निघालं, दोन.

एनिड म्हणाली, ठीक आहे, दोन, शुभ रात्री.

२० जून

सकाळी सकाळी डॉटचा फोन. हजेरी सगळ्याच बोटी ऐकतात, तिनंही ऐकली. तुझ्याबरोबर कोण आहे रे, म्हणाली, बाई आणलीस की काय? मी विचारलं, तिकडं पाऊस आहे का? तेव्हा तिला कळलं. मग ती थट्टेनं बोलली नाही.

म्हणाली, एर्न, ऐक. माझा नवरा कधी कोणाला घाबरला नाही, पण एक गोष्ट पाळायचा. हजेरीत आकडा कमी सांगितला तर चालेल, जास्तीचा कधी सांगायचा नाही. ह्या पाण्यात असे पुष्कळ आहेत ज्यांना आता कुठल्याच बोटीवर कोणी मोजत नाही. ते ऐकत असतात. तू काल जागा आहे म्हणून ओरडलास. आज संध्याकाळी एक म्हण. स्पष्ट म्हण.

मी हो म्हटलं.

दिवसभर त्यावर विचार केला. काळजी करायचा माझा स्वभावच आहे, पण आज काळजी वाटली नाही. उलट छातीत काहीतरी सैल झालं. ते ऐकत असतील तर त्यांच्यात माझाही एक आहे. त्यानं ऐकलं तर काय बिघडलं? ऐकावंच त्यानं.

संध्याकाळी एनिडनं विचारलं. मी म्हटलं, दोन.

२२ जून, रिसर्च बे

आलो. ह्याच पाण्यात. अ‍ॅडमसनच्या शिखरावर बर्फ आहे, खाडीत दुसरी बोट नाही, किनाऱ्यावर माणूस नाही. ज्या वाळूवर होडी उलटी सापडली ती वाळू इथून दिसते. मी खूप वेळ तिकडे बघत उभा राहिलो. मोठ्यानं हाक मारली. लाज वाटली, पण मारली.

मग आत आलो. हीटर केव्हाचा चालू होता, बैठकीत इतकी ऊब की मी कोट काढला. पंप पेंगायला लागला होता. टक. टक. मी बटाटे सोलत होतो.

एकाएकी टकटक वाढली. भराभर, थंड बोटीत पहिल्यांदा लावताना होते तशी. खिडक्या बंद. दार बंद. क्लिपा तपासल्या, नळी तपासली, भोंग्याचा दिवा हिरवा. सगळं ठीक. मग पडदा बाजूला केला. पुढच्या केबिनमधून गार हवा अंगावर आली, मासळीच्या बर्फाची पेटी उघडावी तशी. नळीच्या तोंडातून ऊब येत होती आणि बिछान्यापर्यंत जाऊन संपत होती.

उशी ओली होती. समुद्रशेवाळाचा वास.

मी पडदा लावला आणि बाहेर बसलो. मला भीती वाटायला हवी होती. मी रडलो. एवढंच म्हटलं, आलास, बाळा. आलास. ऊब घे.

२५ जून

बैठकीच्या नळीचं तोंड बंद केलं, म्हणजे सगळी ऊब पुढं जाते. मी कोट, टोपी, दोन पँटी घालून बसतो. मला चालतं. तो वर्षभर पाण्यात होता.

तो दिवसभर नसतो. संध्याकाळ झाली, हजेरीत मी दोन म्हटलं, की थोड्या वेळानं पंप धावायला लागतो. मग मला कळतं. पडद्याआडून काही बोलत नाही. आधी वाटायचं पंपच दोन सुरांत वाजतोय. मग लक्षात आलं, एक पंप आहे आणि दुसरे दात आहेत. दात वाजतात त्याचे.

मी पडद्याशी बसून बोलतो. आईचं सांगतो, ग्लेनिसच्या घराचं सांगतो, हीटर कसा बसवला ते सांगतो. तुझ्या आराखड्याप्रमाणेच केलंय बरं का, म्हटलं. त्याची लोकरीची जर्सी कप्प्यात होती, ती बिछान्यावर ठेवली. सकाळी ती नव्हती. मला इतका आनंद झाला की मी दोन अंडी तळली.

फरशीवर ओल्या पावलाचा ठसा होता. लहान वाटला. रोवनचे पाय केवढे, त्याच्या बुटांवरून आम्ही त्याला किती चिडवायचो. पण ओला ठसा वाळताना कडेनं आक्रसतोच. लाकडावर तसंच होतं.

२७ जून

काल हात पाहिला. पडद्याच्या खालून आला आणि गरम हवेच्या नळीवर पडून राहिला, मांजर पडतं तसा. पांढरा, सुरकुतलेला, खूप वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी बोटं. मी माझा हात त्यावर ठेवला. हाड गोठेल एवढा गार. त्यानं हात काढून घेतला नाही.

आज माझी बोटं नीट वळत नाहीत. लिहायला त्रास होतो.

डिझेल फार जातंय. पंप पहाटेपर्यंत थांबत नाही. ऊब कितीही द्या, पुरत नाही त्याला. मी विचारलं, बाळा, अजून किती गार आहेस? दात वाजायचे क्षणभर थांबले. मग पुन्हा.

३० जून

सकाळी एनिडनं वेळ नसताना हाक मारली. ग्लेनिसचा निरोप आहे, कुठूनही फोन कर म्हणाली. तिचा आवाज चांगला नव्हता.

इथं फोन लागत नाही. होडी वल्हवत किनाऱ्यावर गेलो, टेकडावर चढलो, तिथं लागला.

ग्लेनिस म्हणाली, बाबा, खाली बस.

रोवन सापडला. दक्षिण टोकाच्या भूशिरापलीकडच्या किनाऱ्यावर. वादळानं वाळू वाहून गेली आणि फिरायला गेलेल्या लोकांना हाडं दिसली. मागच्या महिन्यातच सापडली होती, पण हॉबार्टला तपास होईपर्यंत पोलिसांनी आपल्याला कळवलं नाही. पायात, तो ट्रॅक्टरखाली आला होता तेव्हा बसवलेली धातूची पट्टी आहे, तिच्यावरचा नंबर जुळला. दात जुळले. तोच आहे, बाबा. शुक्रवारी फ्रँकलिनच्या दफनभूमीत आईशेजारी ठेवायचं त्याला. तू ये. मी गाडी घेऊन येते, तू फक्त डॉवरपर्यंत ये.

मी विचारलं, मागच्या महिन्यापासून तो हॉबार्टला होता?

ती म्हणाली, हो, बाबा. शवागारात. का?

मी म्हटलं, काही नाही.

टेकडावर किती वेळ बसलो ते माहीत नाही. खाली खाडीत 'कोरीना' एकटी उभी होती आणि तिच्या बाजूच्या भोकातून पांढरा धूर निघत होता. वर थांबता आलं असतं. रस्ता आहे, लांब आहे पण आहे. पण मी हीटर चालू ठेवून आलो होतो. चालू हीटर टाकून मला जाता येत नाही. तसा मी नाहीच.

संध्याकाळ व्हायच्या आत परत आलो. बाकाखालून रोवनचा एक बूट काढला आणि फरशीवर वाळलेल्या त्या ठशाच्या मिठाच्या खुणेवर ठेवला. ठसा बुटाच्या निम्माही नव्हता.

हजेरीत एनिड म्हणाली, एर्न, फार वाईट वाटलं. मग विचारलं, किती माणसं? मी म्हटलं, एक. इथं मी एकटाच आहे. एकच. ती म्हणाली, देवा, बरं झालं, एक म्हणालास ते.

हीटरचं बटण बंद करायला हात पुढं केला. पडद्याआड दात वाजायला लागले होते. आणि मग ते रडलं. पोराला दाराबाहेर काढून कडी लावावी, आणि त्यानं दार न वाजवता नुसतं रडावं, तसं.

बटण बंद केलं नाही.

१ जुलै

नैर्ऋत्येचा वारा. खाडीच्या तोंडाशी पांढऱ्या लाटा. बाहेर पडणं शक्य नाही. शुक्रवार परवा आहे.

मी त्याला विचारलं, तू कोण? विचारलं, तुला इथं कोणी शोधलं का कधी? पंप आणखी जोरात चालला.

मला राग यायला हवा होता. माझ्या मुलाच्या बिछान्यात झोपलंय. त्याची जर्सी घातलीय. मी त्याला बाळा म्हणालो, रोवनच्या आईच्या गोष्टी सांगितल्या, आणि ते ऐकत राहिलं. पण कोणी बाळा म्हटलं तर कोण नाही म्हणेल?

कोणाचं तरी आहेच ना ते. कुठंतरी एखादा माणूस अजून म्हणत असेल, सापडला नाही.

१ जुलै, पुन्हा

इंजिन लावून बघितलं. खोकलं आणि मेलं. टाकी कोरडी. हीटरची नळी टाकीत अर्ध्यावरच सोडायची असते, म्हणजे इंजिनपुरतं तेल मागं राहतं. रोवननं तसंच काढलं होतं. त्याच्या आराखड्यातली तेवढी एकच गोष्ट मी ऐकली नाही. तेल कमी पडून हीटर विझेल ह्या धास्तीनं तळापर्यंत सोडली. हीटरनं सगळं पिऊन टाकलं. बॅटरीही बसली. रेडिओचा दिवा मिणमिणतोय. हजेरीला ओ देता आली नाही. एनिडचा आवाज लांबून, 'कोरीना', 'कोरीना'—

ती सरकार हलवेल. पण ह्या वाऱ्यात कोण येणार.

पंप अजून चालू आहे. सावकाश. ऊब झाली म्हणून नाही—

२ जुलै

पंप थांबला.

भयंकर शांत. आता फक्त दात.

सगळी पांघरुणं पडद्यापलीकडे ढकलली. माझा कोटही. वेडेपणा आहे. पण तसं ऐकत बसवत नाही—

होडीत बसून किनारा गाठावा म्हटलं. दोर सोडायला बोटं वळली नाहीत. लाटा होडीत येत होत्या. परत आत—

२ जुलै, अंधार पडताना

पडदा हलला. बाहेर आलंय.

तोंड बघितलं नाही. खाली बघत राहिलो. जर्सीची बाही गुडघ्यापर्यंत येते त्याच्या. एवढंसं आहे. बोटीवर आता गरम असं काही उरलं नाही. चूल नाही, दिवा नाही. मीच—

माझ्याशेजारी बाकावर बसलंय. टेकलंय. पाठीतून आत आत गार जातंय. हळूहळू. घाई करत नाही ते. त्याचे दात थांबत चाललेत.

ढकलता येईल अजून. उजव्या हातात थोडी ताकद आहे. ढकललं तर कुठं जाईल—

ग्लेनिस. शुक्रवारी मी येणार नाही. माझ्यासाठी थांबू नका. आईच्या बाजूनं ठेव त्याला, उन्हाच्या बाजूनं. इथलं हे शांत झालंय आता, झोपलंय बहुतेक, मी हललो तर उठेल म्हणून मी—

तिथली माती फार गार असते ग्लेनिस, त्याच्याबरोबर काहीतरी लोकरीचं